‘तुम्हीच काढून द्या ना!’

वाचकांचे प्रश्न : कलाशिक्षण

प्रश्न : ताई, मी विद्यापीठात कलाशिक्षक होण्यासाठीच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, रंगमिश्रणाचा पाठ घेतला. पाठटाचण व्यवस्थित होतं, तक्ते तयार होते. तरी पंधरा मिनिटांत जवळजवळ प्रत्येक कागदावर तपकिरी चिखल. मार्गदर्शकांचा शेरा, ‘उद्दिष्ट साध्य झाले नाही.’ दुसऱ्या पाठाला सात-आठ वर्षांचा एक मुलगा घोडा काढत होता. चारही पाय पोटाखालच्या एकाच रेषेतून फणीच्या दातांसारखे खाली काढलेले, मान नाही, पण आयाळीचा एकेक केस वेगळा. थोड्या वेळाने म्हणाला, ‘मला नाही जमत, तुम्हीच काढून द्या ना.’ मी पाय आणि मान काढून दिली. तो खूश, मार्गदर्शक नाराज. तिकडे चित्रकला शाखेतले माझे मित्र दिवसभर स्टुडिओत असतात आणि मी बालमानसशास्त्राच्या नोट्स काढत बसते. माझा हात जातोय असं वाटतं. शाखा बदलू का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : आधी चिखलाचं बघू, कारण तो निस्तरता येतो.

लाल, पिवळा, निळा असे तिन्ही रंग पहिल्याच मिनिटाला मुलांच्या हाती दिले असणार. तिन्ही एकमेकांत गेले की एकमेकांना मारतात आणि उरतो तो तपकिरी-राखाडी. त्यात एकच पाण्याचं भांडं, न पुसलेला ब्रश आणि ‘अजून थोडा घालून बघू’ ही मुलांची स्वाभाविक हाव. चिखल होणारच होता. पुढच्या वेळी फक्त पिवळा आणि निळा दे, लाल टेबलावर आणूच नकोस. पिवळा आधी, निळा ब्रशच्या टोकाने थोडा थोडा. उलट केलंस, म्हणजे निळ्यात पिवळा घातलास, तर हिरवा दिसेपर्यंत अर्धी ट्यूब संपते. प्रत्येक गटाला पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. आणि एक फडकं. हे फडकं पाठटाचणात कुणी लिहीत नाही, पण निम्मा पाठ त्याच्यावर चालतो.

आता मजा इथे आहे. अर्ध्या वर्गाला निळा म्हणून अल्ट्रामरीन दे आणि उरलेल्यांना प्रशियन ब्लू. पिवळा सगळ्यांना एकच, लेमन यलो. दहा मिनिटांनी कागद भिंतीवर लाव. एका बाजूला झणझणीत हिरवे, दुसऱ्या बाजूला शेवाळी, मळकट. मुलंच विचारतील, ‘आमचा असा का झाला?’ अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला असतो, त्यात तांबडी छटा लपलेली असते. म्हणजे तू लाल दिला नाहीस तरी तो चोरपावलांनी आलाच. प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकतो, म्हणून त्याचा हिरवा स्वच्छ निघतो. स्टुडिओत तू हे रोज करतेस. झाडाच्या सावलीसाठी कुठला निळा उचलायचा हे तुझ्या हाताला माहीत आहे, फक्त त्या हाताला तू कधी ‘का’ विचारलेलं नाहीस. कलाशिक्षकाच्या पदवीत तीन-चार वर्षं मुख्यतः हेच चालतं : हाताला येत असलेली गोष्ट सुटी करायची, तिचे टप्पे पाडायचे आणि कुठला टप्पा आधी हे ठरवायचं.

शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस, पण तो खोटाही नाही. ‘रंगमिश्रणाची ओळख करून देणे’ असं काहीतरी उद्दिष्ट लिहिलं असशील. ते साध्य झालं की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ‘विद्यार्थी एकाच पिवळ्यापासून तीन वेगळे हिरवे तयार करतील’ असं लिही. तास संपताना कागद बघितला की कळतं, झालं की नाही.

आता घोडा. मुलाच्या कागदावर आपण रेघ मारायची नाही. या बाबतीत मी हट्टी आहे आणि तुझे मार्गदर्शकही असतील तर चांगलंच आहे. कारण साधं आहे : त्या क्षणापासून ते चित्र तुझं होतं आणि मुलगा प्रेक्षक होतो. खूश होतो, हे खरं. पुढच्या वेळी आणखी लवकर हाक मारतो. दाखवायचंच असेल तर तुझ्या स्वतःच्या रद्दी कागदावर, त्याच्या शेजारी बसून काढ आणि तो कागद जाताना घेऊन जा. त्याआधी मात्र प्रश्न विचार. ‘घोडा उभा आहे की पळतोय?’ ‘पळताना कुठला पाय पुढे जातो?’ ‘तूच जरा हाताने करून दाखव.’ तो दोन हातांनी टापा वाजवून दाखवेल आणि मग पाय आपसूक बदलतील. किंवा बदलणार नाहीत. दोन्ही चालेल.

न बदलले तर? इथेच तुझ्या त्या कंटाळवाण्या नोट्स कामाला येतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड हा व्हिएन्नात शिकवू लागलेला आणि पुढे अमेरिकेत गेलेला कलाशिक्षक. तिथे त्याने 1947 मध्ये मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. ढोबळमानाने दोन ते चार वर्षं गिरगोटे, चार ते सात ओळखू येणारे पहिले आकार, सात ते नऊ ठरलेली खूण. म्हणजे माणूस असाच, झाड असंच, खाली जमिनीची रेघ आणि वर आकाशाची पट्टी. तुझा मुलगा याच तिसऱ्या टप्प्यात आहे. घोड्याला चार पाय असतात हे त्याला माहीत आहे, म्हणून तो चारही दाखवतो. एक पाय दुसऱ्यामागे लपतो, ही त्याच्या लेखी घोड्यावर अन्याय करणारी गोष्ट आहे. ती चूक नाही, ते त्याचं ज्ञान आहे. नऊच्या आसपास मूल आपलं चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागतं आणि ‘मला जमत नाही’ हे खरं तिथे सुरू होतं. तुझ्याकडे ते थोडं आधी आलं. शेजारच्या मुलाचा घोडा बघून आलं असेल, नाहीतर कुणा मोठ्याने हसून टाकलं असेल. हे टप्पे वेळापत्रकासारखे पाळले जात नाहीत आणि त्यांच्यावर पुढे बरीच टीकाही झाली आहे. पण वर्गात उभं राहताना हाताशी एक नकाशा असावा.

एक सावधगिरी. हात लावायचा नाही म्हणजे काही शिकवायचंच नाही, असा अर्थ काढू नकोस. फ्रान्झ चिझेकने 1897 मध्ये व्हिएन्नात मुलांचा कलावर्ग सुरू केला तेव्हापासून ‘मुलांना त्यांच्या वाटेने वाढू द्या’ हा विचार आपल्या क्षेत्रात आहे आणि तो मोलाचा आहे. त्याच्या नावाखाली तासभर कागद वाटून स्वतः खुर्चीत बसणारे शिक्षकही असतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पुढचं मोठं आणि मागचं लहान का दिसतं हे समजून घ्यायचं असेल आणि आपण ‘तुला वाटेल तसं काढ’ म्हटलं, तर तो चित्रकलाच सोडतो. मागेल त्याला तंत्र द्यायचं. फक्त ते त्याच्या कागदावर गिरवायचं नाही.

उरला तुझा हात. योझेफ आल्बर्स हा जर्मन चित्रकार आधी प्राथमिक शाळेत शिक्षक होता. मग त्याने कलाशिक्षकाची पात्रता घेतली आणि 1920 मध्ये, बत्तिशीत, जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तिथे तो शिकवू लागला. नाझींच्या काळात, 1933 मध्ये, ती संस्था बंद पडली तेव्हा अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात आणि 1950 पासून येल विद्यापीठात शिकवत राहिला. ज्या चौकोनात चौकोन चित्रमालेसाठी जग त्याला ओळखतं ती त्याने त्याच 1950 मध्ये सुरू केली, बासष्टीच्या उंबरठ्यावर, आणि 1976 मध्ये मरेपर्यंत चालू ठेवली. वर्गात रंगीत कागदांचे तुकडे देऊन तो विद्यार्थ्यांना एकच रंग दोन वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर दोन रंगांसारखा भासवायला लावायचा. चित्रमालेतही तेच चाललेलं दिसतं. म्हणजे शिकवण्याने चित्रकार संपतोच असं नाही. संपणारेही मी पाहिलेत, पण त्यांना वर्गाने संपवलं असं मला वाटत नाही. दोन पाठांच्या मधला रिकामा वेळ ते कुरकुरीत घालवायचे.

तुला स्टुडिओचे तास कमी मिळतात, ही तक्रार रास्त आहे. मग मोठ्या कॅनव्हासचा हट्ट सत्र संपेपर्यंत बाजूला ठेव. आंतरवासितेत दुसऱ्याच्या पाठाचं निरीक्षण करताना मागच्या बाकावर बसतेस ना? तिथे मुलांचे हात रेखाट. कात्री धरलेले, खोडरबर घासणारे, बोट चाटून रंग पुसणारे. असे हात मॉडेलच्या वर्गात बघायला मिळत नाहीत.

शाखा बदलू का, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे असं मला वाटतं. त्यात तू रंगवलेल्या एकाही चित्राचं वर्णन नाही. आयाळीचा एकेक केस मात्र आहे. मी तुझ्या जागी असते तर पदवी पूर्ण केली असती. त्यानंतर चित्रकलेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर खुशाल घे.

प्रश्न : मला लाल-हिरव्या रंगांची गफलत होते. तिशीत कलाशिक्षकाच्या पदवीला प्रवेश घ्यायचा विचार आहे. रंगांधळ्या माणसाने हा नाद करावा का?
(एक रेखाचित्रकार)

उत्तर : करावा. प्रवेशाचे नियम आणि नोकरीच्या वैद्यकीय अटी मात्र आधी वाचून घ्या, नंतर मनस्ताप नको.

रंग नजरेने निवडण्याऐवजी नावाने निवडायची सवय लावा. कलाकारांच्या दर्जाच्या रंगांच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी 27 म्हणजे प्रशियन ब्लू, कंपनी कुठलीही असो. पॅलेटवर रंगांची जागा ठरवून टाका आणि ती कधीही बदलू नका. उजेड-अंधाराची पारख तुमच्याकडे रेखाचित्रांमुळे आहेच, आणि चित्राचा कणा तोच असतो. शार्ल मेर्यों हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कलावंत रंगांधळा होता, म्हणून एचिंगकडे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापे काढण्याकडे, वळला आणि त्यातच मोठा झाला.

शिवाय वर्गाचा विचार करा. हा दोष पुरुषांत बराच आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मागे 1, इतरत्र काहीसा कमी. स्त्रियांत तो फार विरळा. म्हणजे मुलांच्या मोठ्या वर्गात असा एखादा असण्याची चांगलीच शक्यता असते. तो खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवतो आणि ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ म्हणून बोलणी खातो. तुम्ही त्याला पहिल्याच आठवड्यात ओळखाल. मोठ्यांच्या परीक्षणात रंगाबद्दल बोलायची वेळ आली तर आडपडदा न ठेवता सांगा आणि एखाद्या विद्यार्थ्यालाच रंगाचं नाव विचारा. वर्गात हे चालतं, उलट मुलं बोलती होतात.

प्रश्न : मुलगी कलाशिक्षणाच्या पदवीसाठी अर्ज करते आहे. तिची सगळी चित्रं फ्रेम करून, व्यावसायिक छायाचित्रकाराकडून फोटो काढून पोर्टफोलिओ द्यावा म्हणतो. ठीक ना?
(एक पालक)

उत्तर : फ्रेम नको. काचेत खिडकीचं प्रतिबिंब दिसतं, चित्र दिसत नाही. विद्यापीठाने सांगितलेली संख्या आणि मापं तंतोतंत पाळा. फोटोवरून उतरवलेली गुळगुळीत व्यक्तिचित्रं कमी ठेवा, समोर बघून काढलेलं जास्त. स्केचबुकाची दोन-चार पानं जशीच्या तशी जाऊ द्या, खाडाखोडीसकट. निवड समितीला पोरगी विचार कसा करते हे बघायचं असतं. तिने कधी लहान मुलांना काही करायला शिकवलं असेल तर त्याचं एक पान हवंच. काय दिलं, मुलांनी काय केलं, कुठे फसलं, एवढंच, तिच्याच शब्दांत. फोटो दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न वापरता, फोन कागदाला समांतर धरून घरीच काढा, पुरेसे होतात.