वाचकांचे प्रश्न : न्यूयॉर्कमधला बेगल आणि डेली

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे मे महिन्यात न्यू जर्सीला जाणार आहोत. त्याआधी चार दिवस मॅनहॅटनमध्ये मुक्काम आहे. मागच्या खेपेस हॉटेलच्या कोपऱ्यावर ‘डेली’ अशी पाटी असलेल्या दुकानातून दुपारी बेगल, म्हणजे तो कड्याच्या आकाराचा पाव, घेतला; तो भाजूनही चामट लागला आणि अर्धा टाकून द्यावा लागला. ज्याची एवढी ख्याती ऐकतो तो बेगल आणि ती डेली नेमकी कुठे मिळते, आणि चांगली कशी ओळखावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली निराशा झाली यात नवल नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये ‘डेली’ हा एकच शब्द निरनिराळ्या दुकानांना लावला जातो आणि तो फरक नव्या माणसाला कोणी सांगत नाही. कोपऱ्यावरचे जे दुकान आपण पाहिले, ते आपल्याकडच्या नाक्यावरच्या वाण्यासारखे असते : दूध, वर्तमानपत्र, चहा-कॉफी, अंड्याचे सँडविच. तिथला बेगल बहुधा पहाटे दुसरीकडून आणून ठेवलेला असतो. जिची ख्याती आपण ऐकली ती ज्यू डेली ही मांसाची पेढी आहे, आणि गंमत अशी की परंपरेने पाहिले तर बेगलावर क्रीम चीज लावून देणे हे त्या दुकानाचे कामच नाही.

याचे कारण ज्यू धर्मातल्या आहाराच्या नियमांत, म्हणजे ‘कोशर’मध्ये आहे. या नियमांनुसार मांस आणि दूध एका जेवणात एकत्र येत नाही. महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल हाच नियम पाळत आले आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचे दूध असते. पूर्व युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यूंनी त्याच नियमापायी दोन वेगळी दुकाने थाटली. मांस विकणारी ती डेली, आणि खारवलेले व धुरी दिलेले मासे, क्रीम चीज, लोणची असे बेगलाबरोबर खाण्याचे पदार्थ विकणारे ते ‘ॲपेटायझिंग’ दुकान. बेगल भाजण्याची भट्टी हे तिसरेच ठिकाण. हे तीन धंदे मनात वेगळे ठेवले की शहर आपोआप उलगडते.

माझा सल्ला असा की एक सकाळ लोअर ईस्ट साइड या भागात घालवावी. भुयारी रेल्वेच्या एफ गाडीने सेकंड ॲव्हेन्यू स्थानकावर उतरावे आणि हाउस्टन स्ट्रीट विचारावा. स्पेलिंग टेक्सासमधल्या शहराचे असले तरी इथे उच्चार ‘ह्यूस्टन’ नाही, ‘हाउस्टन’ असा आहे. या एकाच रस्त्यावर, पायी काही मिनिटांच्या अंतरात, तीन जुनी दुकाने आहेत. 137 क्रमांकावर 1910 पासूनचे योना शिमेल, जिथे बटाट्याचे सारण भरून भाजलेला क्निश मिळतो. 179 वर रस अँड डॉटर्स हे 1914 मध्ये सुरू झालेले ॲपेटायझिंग दुकान. जोएल रस यांनी आपल्या तीन मुलींना भागीदार करून घेतले आणि पाटीवर ‘आणि मुली’ असे लिहिले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आणि 205 वर कॅट्झ, 1888 पासूनची डेली.

कॅट्झमध्ये दारातच प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. काउंटरवर जे घ्याल ते त्यावर लिहिले जाते आणि बाहेर पडताना ते दाखवावेच लागते, काही घेतले नसले तरी. हरवले तर दंड बसतो, म्हणून ते खिशात जपून ठेवावे. पुढे लाकडी पाटांमागे कापणारे कारागीर उभे असतात. पास्ट्रामी म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेले, धणे आणि मिरी चोळून धुरी दिलेले व शेवटी वाफवलेले गोमांस. ते इतके मऊ झालेले असते की यंत्राने कापले तर त्याचा चुरा व्हावा, म्हणून लांब सुरीने हातानेच कापतात. सुरी खाली येते तशी काळ्या मिरीची साल सुटू न देता एकेक जाड काप पाटावर आडवा होतो, आणि कारागीर त्यातला एखादा छोटा तुकडा बशीत ठेवून तुमच्यापुढे सरकवतो. तो चाखून मगच किती चरबीचा भाग हवा ते सांगावे. एका सँडविचला पंचवीस डॉलरच्या वर पडतात, परंतु ते दोघांना पुरते. गोमांस वर्ज्य असेल तर टर्कीचे सँडविच मिळते. एक खुलासा आवश्यक आहे : कॅट्झची पद्धत ज्यू असली तरी ते दुकान कोशर नाही.

आता बेगल. बेगल निव्वळ भाजलेला पाव नसतो. तो आधी उकळलेला असतो, आणि सगळा फरक तिथेच आहे. कणीक चिवट पिठाची मळून, कडी वळून रात्रभर थंडाव्यात ठेवतात, मग जवाचे माल्ट घातलेल्या उकळत्या पाण्यात साधारण मिनिटभर बुडवतात आणि नंतर भट्टीत घालतात. उकळल्यामुळे वरच्या थरातले पीठ शिजून कवच तयार होते, त्यामुळे भट्टीत पाव पुरता फुगू शकत नाही आणि आत दाट राहतो. चांगल्या बेगलाचे कवच पातळ, चकचकीत आणि बारीक फोडांनी भरलेले असते. दाताखाली आधी कडकन मोडते आणि मग आतला भाग ताणला जातो. उकळण्याचे कष्ट टाळून नुसत्या वाफेच्या भट्टीत केलेला बेगल मऊ, फुगीर आणि गुळगुळीत असतो. तो पावासारखा वाटला, तर तो पावच समजावा.

तरीही उत्तम दुकानातला बेगलसुद्धा काही तासांतच शिळा होतो, आणि आपला खरा घात तिथे झाला. दुपारच्या बेगलाला दुकानदार टोस्टरमध्ये घालतो तो त्याचे शिळेपण झाकण्यासाठी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझीही अशीच फसगत झाली होती. पुढे शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मला सकाळी साडेसातला भट्टीवर नेले आणि फक्त एक वाक्य शिकवले : ‘आत्ता गरम काय आहे?’ तेव्हापासून मी प्रकार ठरवून जात नाही. तिळाचा गरम असेल तर तिळाचा, कांद्याचा असेल तर कांद्याचा, आणि गरम बेगल कधीही टोस्ट करून घेत नाही. एसा बेगल (1976 पासून) किंवा क्वीन्समधल्या व्हाइटस्टोनचे युटोपिया ही नावे सार्थ आहेत, पण त्यांच्यासाठी तासभर रांगेत उभे राहण्यापेक्षा मुक्कामाजवळच्या ज्या दुकानात मागे बेगल उकळण्याचे मोठे पातेले आणि भट्टी दिसते तिथे सकाळी लवकर जावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ग्रँड स्ट्रीटवरच्या कोसार्समध्ये ‘बियाली’ जरूर घ्यावी. पोलंडमधल्या बियालिस्तोक गावावरून तिचे नाव पडले. ती उकळत नाहीत, आणि मध्ये भोकाऐवजी कांद्याने भरलेला खळगा असतो.

प्रश्न : यजमान शाकाहारी आहेत, मला मासे चालतात. काय मागावे?

उत्तर : साध्या बेगलाच्या कणकेत पीठ, पाणी, मीठ, यीस्ट आणि माल्ट एवढेच असते, ‘एग’ बेगलात मात्र अंडे असते. यजमानांनी पातीचा कांदा घातलेले क्रीम चीज मागावे. ते आपल्या चक्क्यासारखे घट्ट पण कमी आंबट असते. बऱ्याच बेगलच्या दुकानांत त्याच पाटावर बेकन आणि मासेही कापले जातात, तेव्हा स्वच्छ सुरी वापरण्याची विनंती निःसंकोच करावी. ती चिंताच नको असेल तर सेकंड ॲव्हेन्यूवरच्या बी अँड एच डेअरीत जावे. 1938 पासूनच्या या छोट्या उपाहारगृहात मांस शिजतच नाही, मासे मात्र असतात.

आपण स्वतः सॅमन मागताना ‘लॉक्स’ आणि ‘नोव्हा’ यांतला फरक लक्षात ठेवावा. लॉक्स नुसता खारवलेला आणि बराच खारट असतो. नोव्हा कमी मिठाचा व हलकी धुरी दिलेला असतो, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला तोच रुचतो. आपल्या रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सॅमन’ म्हणतात खरे, पण तो निराळा मासा आहे. ती चव मनात धरून जाऊ नये.

प्रश्न : परत येताना मुंबईला बेगल आणता येतील का?

उत्तर : येतील. निघण्याच्या दिवशी सकाळी घ्यावेत आणि अख्खेच घ्यावेत. न्यूयॉर्कमध्ये अख्ख्या, बांधून नेलेल्या बेगलावर विक्रीकर लागत नाही, कापून दिला की लागतो. घरी पोहोचताच कापून, हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवावेत. क्रीम चीज विमानतळावर द्रवपदार्थात मोजले जाते, म्हणून मोठा डबा हातातल्या सामानात ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : दुबई किंवा अबू धाबीमार्गे येणार असाल, तर खसखशीचा आणि ‘एव्हरीथिंग’ (वर तीळ, खसखस, कांदा, लसूण असे सगळेच लावलेला) हे दोन्ही बेगल घेऊच नयेत, कारण एव्हरीथिंगवरही खसखस असते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिळाचे आणि साधे आणावेत.