मशीन ठरवण्याआधी खोली बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद. गेम खेळायला पीसी घेऊ की पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल), हे विचारताना तू दोन्हींचे भाव लिहिलेस, पण मशीन कुठल्या खोलीत राहणार ते लिहिलं नाहीस. नागपुरात सुरुवात तिथूनच करावी लागते.

खेळांचा प्रश्न तसा लवकर मिटतो. काउंटर-स्ट्राइक २ फक्त पीसीवर आहे. व्हॅलोरंट २०२४ मध्ये कन्सोलवर आलं खरं, पण कन्सोलवाल्यांची मॅच कन्सोलवाल्यांशीच लागते. कॉलेजचा ग्रुप पीसीवर खेळत असेल, तर पीएस५ घेऊन तुला त्यांच्यात शिरता येणार नाही. मोठे गोष्टीवाले गेम मात्र पुष्कळदा कन्सोलवर आधी येतात. रेड डेड रिडेम्प्शन २ तिथे ऑक्टोबर २०१८ ला आलं, पीसीवाल्यांनी नोव्हेंबर २०१९ पर्यंत वाट पाहिली. आणि हॉलमधल्या टीव्हीवर भावंडांसोबत फुटबॉल एवढंच खेळायचं असेल, तर पीसीच्या भानगडीत पडूच नकोस.

पैशांचं सांगतो. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तो ५४,९९० ला. थांबलं की कन्सोल स्वस्त होतो, हा जुना हिशोब इथे चालला नाही. घेतलास तर डिस्कवालाच घे. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राशी बदलता येते. डिजिटल गेम तुझ्या खात्याला चिकटला तो चिकटलाच. विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी पडते, फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना नाही. पीसीवर ती वर्गणी नाही. शिवाय स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, यूपीआय चालतं, आणि १४ दिवसांच्या आत व २ तासांपेक्षा कमी खेळणं झालं असेल तर पैसे परत मिळतात. पण पीसीच्या तुझ्या हिशोबात मॉनिटर आणि यूपीएस दिसत नाहीत. ते धरून बेरीज पुन्हा कर.

आता खोली. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली असेल, तर नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी आत ४० अंश सहज होतात. कितीही पंखे लावले तरी चिप खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच वर चढते. डिसेंबरात ६८ वर चालणारं ग्राफिक्स कार्ड मेमध्ये ८३ ला जाऊन पोचतं, आणि एनव्हिडिआची बरीच कार्डं त्या सुमारास स्वतःहून वेग उतरवतात. गेम अडखळायला लागतो आणि शिव्या वायफायला पडतात.

पीसीवर उपाय हाताशी असतो. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० ला बांध, कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे ते किती वीज ओढेल ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आण. वेग थोडाच घटतो, उष्णता बरीच. कन्सोलवर एवढं सगळं तुझ्या हातात नसतं. पीएस५ साठी सोनीनं ५ ते ३५ अंश अशी मर्यादा दिली आहे, म्हणजे आपल्याकडची मेची दुपार त्यात बसतच नाही. तेव्हा रात्री खेळायचं, भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर जागा सोडायची, आणि टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये तो अजिबात ठेवायचा नाही, मग आई कितीही म्हणो.

कूलर लावला की खोली उतरते, म्हणून मशीन थेट झोतात ठेवायचा मोह होतो. तो टाळ. कूलरच्या ओल्या ताट्यांतून बारीक थेंब उडतात, ते आत सुकतात आणि क्षार मागे राहतो. पुढे पावसाळ्यात तोच पांढरा थर ओल धरतो आणि बोर्ड गंजायला लागतो. मशीन झोताच्या बाजूला ठेव आणि समोरची खिडकी उघडी राहू दे. महिन्यातून एकदा ब्लोअर मार, पण पंख्याची पाती बोटानं धरून. हवेनं ती भरधाव फिरली तर बेअरिंग जातं.

लाइन जाणं हा दुसरा मामला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड असा पीसी गेममध्ये मॉनिटरसकट साधारण २८० वॅट ओढतो. ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसवर छापलेली क्षमता) यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो, त्यामुळे तो चालेल, पण सेव्ह करून बंद करण्यापुरताच. १ केव्हीए घेतलास तर बरं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. दुसऱ्या मोडमध्ये लाइन बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. पीएस५ ला यूपीएस नको असं समजू नकोस. अपडेट चालू असताना लाइन गेली तर त्याचाही डेटा बिघडतो. तसं झालं तर बंद अवस्थेत पॉवर बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धर, कंट्रोलर केबलनं जोड आणि सेफ मोडमधून डेटाबेस रीबिल्ड कर.

अर्थिंगकडे मात्र कुणी बघत नाही. सॉकेटला अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येतं. करंट नगण्य, हाताला फक्त झिणझिण्या. पण त्या अवस्थेत चालू टीव्हीला एचडीएमआय केबल खोचलीस तर पोर्ट जळू शकतो. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मोज: २-३ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे इलेक्ट्रिशियन बोलाव. अगदी शून्य आलं तरी खूश होऊ नकोस. कुणीतरी सॉकेटमध्येच अर्थिंग न्यूट्रलला जोडून ठेवलेलं असू शकतं, आणि ते जास्त धोक्याचं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत जा. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की प्लगसोबत सेट-टॉप बॉक्सची वायरही काढ. पुष्कळदा झटका त्या वायरीतून टीव्हीत आणि एचडीएमआयमधून कन्सोलमध्ये येतो.

पीसीच ठरला आणि बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजारात जोडून घेतलास, तर दुकानातच काही गोष्टी बघून घे. रॅम १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८ च्या दोन. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग, चालू आहे का बघ, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर रांगत राहते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला जोड. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसल्यानं मदरबोर्डला लावलीस तर स्क्रीन काळीच राहील. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वर पडून असतो, तोही बदल. एसएमपीएस ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) असलेला. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा नको. आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर लिहून घे, वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात.

बिलाचंही लिहितो, कारण घरी तोच वाद होणार. रोज ३ तास धरले तर २८० वॅटचा पीसी महिन्याला २५ युनिट खातो, २०० वॅटचा कन्सोल १८. फरक किरकोळ वाटतो, पण कूलर चालू असताना घराचं मीटर ३०० युनिटच्या आसपास घुटमळत असेल, तर त्यापुढच्या युनिटला वरच्या स्लॅबचा दर लागतो.

तुझा ग्रुप व्हॅलोरंटवाला आहे आणि प्रोजेक्टलाही मशीन लागणार आहे, तेव्हा माझं मत पीसीकडे झुकतं. पण खोली वरची असेल आणि अर्थिंग नसेल, तर आधी ते काम करून घे. न्यूट्रल-अर्थिंगचं रीडिंग कळव, मग पार्टची यादी बघू.

तुझा,
काका