बायकोशी हिंदीत मायेनं बोलायचं तर

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बायको मध्य प्रदेशातल्या सिवनीची, मराठी तिला समजते पण बोलता येत नाही. तुम्ही वरुडच्या बाजारात हिंदी धडाधड बोलता, पण तिच्यासमोर तोंडाला कुलूप लागतं. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे हिंदीत कसं म्हणायचं, एवढाच तुमचा प्रश्न. तर "मुझे तुमसे प्यार है." आपल्या सवयीनं 'तेरे पे' म्हणू नका, 'तुमसे'. पण हे वाक्य सणावारी म्हटलं तरी पुरे. भिंतीपलीकडे आई-बाबा असतात, आणि तिकडेही कोणी हे रोज म्हणत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, तेव्हा हिंदी आपल्याला परकी नाही. पण आपण ती शिकलो ट्रकवाल्यांकडून आणि संत्र्याच्या व्यापाऱ्यांकडून. 'इधर आ', 'जल्दी कर', 'कितने में देता बे'. ही हुकमाची आणि घासाघिशीची हिंदी. तीच घरात नेली तर मनात कितीही माया असो, ऐकणाऱ्याला फर्मानच वाटतं. म्हणून आधी क्रियापद सुधरवा.

'तू' सोडा, 'तुम' धरा. मराठीत बायकोला तू म्हणण्यातच जवळीक आहे, तिकडे अनेक घरांत ते खटकतं, माहेरच्या माणसांसमोर तर फारच. ती तुम्हाला 'आप' म्हणत असेल तर दुरावा समजू नका, आपल्या 'अहो'सारखंच ते. आणि 'काऊन वं' कितीही लाडाचं असलं तरी त्याचं 'क्यों री' करू नका, बाप्पा! 'सुनो ना' म्हणा.

आता मुख्य गोष्ट. आपण वऱ्हाडीत 'जेवून घेजो', 'पोचल्यावर फोन करजो' म्हणतो ना? त्यातली काळजी हिंदीत 'खा लेना', 'पहुँचकर फ़ोन कर देना' यात येते. रात्रीची लाईन आली, ओलितासाठी मोटर सुरू करायला निघालात, तर दारातून 'खाना खा ले' असं ओरडू नका. "तुम खा लेना, मेरी राह मत देखना" म्हणा. त्यात प्यार हा शब्द कुठेच नाही, पण तिला बरोबर पोचतं. ती माहेरी गेली असेल तर "तुम्हारे बिना घर सूना लगता है". हेही फोनवर, शेतात एकटे असताना म्हणा, म्हणजे लाजायला नको.

स्वयंपाकाचं कौतुक करताना लिंग सांभाळा. आपला चहा तो, तिची चाय ती: "चाय अच्छी बनी है." दही आपल्याकडे ते, तिकडे तो: "दही अच्छा जमा है." चुकलात तर हसेल, हसू द्या. पण नुसतं 'अच्छा है' म्हणून ताटावरून उठू नका, काय आवडलं ते सांगा: "आज दाल में हींग का तड़का बढ़िया लगा." माझ्या मते दहा गोड शब्दांपेक्षा हे भारी पडतं.

रुसली असेल तर 'राग आया क्या' विचारू नका, तिकडे राग गाण्यातला. "नाराज़ हो क्या?" एवढं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. तेव्हा हिंदी सुधारत बसायची गरज नाही, अर्धी मराठी चालते.

सासरी फोन लावला की 'मम्मी जी', 'पापा जी', आणि क्रियापद 'कैसे हैं', 'आइए', 'बताइए' असं. मोठ्या मेहुणीला 'दीदी', धाकटीला नावानं. 'साली' हे नातं सांगायला ठीक, पण त्या शब्दानं हाक मारू नका. तो शिवीसारखाही वापरतात, आणि फोन स्पीकरवर असला तर सासरे शेजारीच बसलेले असतात.