पोटॅशियम जास्त का भडकतं?

प्रश्न: सोडियमपेक्षा पोटॅशियम पाण्यात जास्त भडकतं, पण आवर्तसारणीत क्लोरिनखालचं ब्रोमिन मात्र मवाळ. असं उलट का? (दहावीची विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर: नेमकं पकडलंस, पोरी! बेळगावात शिकवताना मी रॉकेलमधला सोडियमचा तांदळाएवढा तुकडा पाण्यात टाकायचो. त्याची गोळी होऊन ती सूं-सूं करत पळायची. पोटॅशियम तर फिकट जांभळ्या ज्योतीनं पेटतंच. दोघांनाही बाहेरचा एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो. आवर्तसारणीच्या गटात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली जाताना इलेक्ट्रॉनांच्या कक्षा वाढतात, केंद्रकाची पकड ढिली पडते: सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, पोटॅशियमचा ४१९. क्लोरिन, ब्रोमिन अशा हॅलोजनांना मात्र इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा असतो. तिथं हीच ढिली पकड आड येते. म्हणून पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरिन सोडलं की ब्रोमिन बाहेर पडतं, द्रावण नारिंगी होतं. सरांकडून करून घेच, घरी नको.