वह्या रद्दीत घातल्यात, आधी त्याबद्दल

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. सहामाहीत ५८ टक्के. रात्री बारापर्यंत अमेरिकेतल्या डिस्नेच्या राइड्सवर अनोळखी लोकांशी वाद घालतो. गोष्टीच लिहायच्या तर सायन्स कशाला घेतलं? चिडून त्याच्या वह्या रद्दीत घातल्या, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. एक पान सोबत पाठवतोय. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच हिताचं आहे, हे त्याला पटवा. – एक वडील, सातारा

उत्तर: ५८ टक्क्यांची मला फार काळजी वाटली नाही, वह्यांची वाटली. त्या त्याच्या होत्या. आधी त्याची माफी मागा आणि ‘तुझ्या भल्यासाठीच केलं’ हे शेपूट त्याला जोडू नका. रात्रीचं जागरण थांबवायलाच हवं, पण ते वेळ ठरवून. जे तुम्ही वाचलंही नाही, ते फेकून नव्हे.

पाठवलेलं पान मी दोनदा वाचलं. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या ‘स्प्लॅश माउंटन’ या पाण्यातल्या राइडच्या जागी २०२४ मध्ये ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ सुरू झाली. पाण्याची वाट तीच, शेवटची उंच घसरणही तीच. तुमचा मुलगा म्हणतो, जुन्या राइडमध्ये कोल्ह्याच्या तावडीतून ससा सुटतो, म्हणून ती घसरण शोभते. नव्या राइडमध्ये डिस्नेच्या चित्रपटातली राजकन्या टियाना समारंभासाठी वादक शोधते. कुणावर संकटच नाही, मग आपण एवढ्या उंचावरून पडतो कशाला? नवे हलते पुतळे मात्र सरस आहेत, हेही तो लिहितो. कारागिरी आणि कथा अशी वेगवेगळी तोलणं मुरलेल्या चाहत्यांनाही जमत नाही.

आता तुमचा गैरसमज. राइडमध्ये गोष्ट आणि सायन्स वेगळं काढताच येत नाही. वीस माणसांची होडी दर तीस सेकंदांनी सुटली तर तासाला २,४०० माणसं जातात. एखादं दृश्य रंगवायला होडी थांबवली की मागच्या सगळ्या तुंबतात. धबधब्याजवळचा संवाद पाण्याच्या आवाजात बुडतो. मागच्या रांगेला पुतळा दिसेपर्यंत पुढची रांग वळण घेऊन गेलेली असते. १९६९ च्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भुतांच्या राइडमध्ये बग्ग्यांची साखळी अखंड सरकते, त्यामुळे कोणतीही बग्गी कधीही आली तरी दृश्य कळलं पाहिजे. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’मधला अजस्र यती सुरुवातीला अंगावर झेपावायचा. ती हालचाल लवकरच बंद पडली आणि पुढे वर्षानुवर्षं लुकलुकत्या प्रकाशावर भागवलं गेलं. बिघाड यंत्राचा, पण लंगडा पडला तो कथेचा कळस.

मुलाचंही एक चुकतंय. पानभर मतं आहेत, मोजमाप एकही नाही. त्याला सांगा, रविवारी एक तास काढून नव्या राइडचा पहिल्या सीटवरून घेतलेला, न कापलेला व्हिडिओ बघ. स्टॉपवॉच लावून प्रत्येक दृश्य किती सेकंद दिसतं, कोणतं वाक्य स्पष्ट ऐकू येतं, ते लिही. मग एकही पुतळा न वाढवता, फक्त संवाद आणि प्रकाश बदलून त्या घसरणीला कारण दे. हे त्याने तीन-चार राइड्सचं केलं तर डिझाइनच्या पोर्टफोलिओची सुरुवात होईल.

वाटा नेहमीच्याच: सीईटीतून मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन, ‘नाटा’ देऊन आर्किटेक्चर, ‘यूसीड’ किंवा एनआयडी या डिझाइन संस्थेची ‘डॅट’ ही प्रवेश परीक्षा देऊन डिझाइन. पहिल्या दोन्हींना फिजिक्स-मॅथ्स पक्कं हवं, हे त्याने नीट ऐकावं. कॉम्प्युटरही वाईट नाही, राइडचं नियंत्रण प्रोग्रामवरच चालतं. पण ते मी त्याला पटवणार नाही. यातलं काय हवं ते त्याने स्वतः मला लिहावं, आणि ते पत्र तुम्ही आधी वाचू नये.