ग्राफ्टिंग म्हणजे लेपन नव्हे, कलम

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: सिलिकाच्या पृष्ठभागावर सेंद्रिय-धातू संयुगं बांधून घन उत्प्रेरक तयार करतात, त्या ‘ग्राफ्टिंग’ला टिपणांत ‘लेपन’ लिहिलेलं दिसतं, ते चालेल का? आणि अशा उत्प्रेरकाला लावतात त्या ‘वेल-डिफाइन्ड’ विशेषणाला काय म्हणावं?

लेपन मुळीच चालणार नाही. हा शब्द कानांवर आला की संताप येतो. लेप वर बसतो, खरवडला की निघतो. इथे तर सिलिका निर्वातात सुमारे ७०० अंश सेल्सिअसला तापवतात, म्हणजे तिच्यावरचे बहुतेक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, पाणी होऊन जातात आणि उरलेले एकमेकांपासून दूर, एकटे राहतात. मग टँटॅलम या धातूचं संयुग आणलं, की ते आपला एक सेंद्रिय गट निओपेंटेन या हायड्रोकार्बनच्या रूपात सोडतं आणि धातू ऑक्सिजनमार्फत थेट सिलिकाला सहसंयुजी बंधाने जोडला जातो. खुंटालाही छेद, काडीलाही छेद, मग जोड. आमच्या मानकुराद आंब्याचं कलम याहून वेगळं काय करतं?

कलम म्हणजे लेखणी, कायद्याचं कलम, हे सगळ्यांना ठाऊक आहे, सोडतो. झाडाचं कलम कुठून आलं ते पाहा. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. तोच अरबीत ‘क़लम’ झाला, फारसीतून आपल्याकडे आला. बोरू तिरका छाटतात, काडीही तशीच छाटतात, म्हणून ती कलम. आता खरी गंमत: इंग्रजी ‘ग्राफ्ट’ जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे ग्रीक ‘ग्राफिऑन’, म्हणजे मेणपाटीवर लिहायची लेखणी! दोन वेगळ्या वाटांनी निघालेल्या भाषांना त्या छाटलेल्या काडीत लेखणीच दिसली. फ्रान्समधल्या लियाँला झाँ-मारी बासे यांच्या गटाने हे रसायनशास्त्र वाढवलं, आणि तिथला शब्द ‘ग्रेफाज’, म्हणजे बागेतलं कलम करणंच.

काही संस्कृताभिमानी पंडित हे कलम रघुवंशाच्या चौथ्या सर्गातल्या ‘कलम’ भातापर्यंत नेतात. ते भात उपटून पुन्हा लावलेलं आहे. आमच्या शेतांत लावणी करणारी कुठलीही बाई सांगेल, की लावणीत दोन जिवांचा सांधा होत नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी करणं हा आळस आहे, मग तो कितीही जाड कोशात छापलेला असो.

‘वेल-डिफाइन्ड’ राहिलंच. ‘सुपरिभाषित’ नको, परिभाषा शब्दाची असते, अणूंच्या मांडणीची नव्हे. ‘नेमक्या रचनेचा उत्प्रेरक’ लिहा.