पाइप बदला, पण आधी पॉलिसीची मुदत वाचा

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात. मीटरपासून घरापर्यंतचा जमिनीखालचा जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप दीड वर्षात तीनदा फुटला. एक तुकडा बदलायला पाव पगार जातो, अख्खा पाइप बदलायचं कोटेशन तीन पगारांचं आहे (सगळं महिन्याच्या पगारातच मोजतोय, हिशोब सोपा पडतो). प्रश्न एवढाच, ‘तीन वर्षांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे मिळतील, तोवर पॅच मारत काढू का?’

नका काढू. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर गेला की आतून गंज धरतो, पाणी जायची वाट बारीक होते आणि पत्रा पातळ होत जातो. तुम्ही नवा तुकडा टाकता, पण शेजारचा पाइप तेवढाच जुना असतो, पुढच्या वेळी तो फुटतो. वर्षाला दोन पॅच म्हणजे अर्धा पगार मातीत.

पण पत्रातली खरी गडबड वेगळीच आहे. पॉलिसीच्या ज्या पानाचा फोटो पाठवलाय त्यावर स्पष्ट लिहिलंय, प्रीमियम भरायची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 15 वर्षं. तुमचे सात हप्ते भरून झालेत. तीन वर्षांनी फक्त हप्ते संपणार, पैसे यायला अजून आठ वर्षं आहेत! एजंटने ‘दहा वर्षांची पॉलिसी’ म्हणून गळ्यात मारली आणि तुम्ही सात वर्षं ते पान उघडलंच नाही. आठ वर्षं पॅच मारले तर चार पगार गेले, म्हणजे नव्या पाइपपेक्षा जास्त, आणि पाइप जुना तो जुनाच.

बरं, ‘पैसे दुप्पट होतात’ असं पत्रात म्हणताय, तेही बघू. दर वर्षी दोन पगार असे दहा वर्षं, म्हणजे 20. त्याच पानावर हमी आहे 30 ची. दीडपट! दुप्पट होतील ते बोनस मिळाला तर. प्रत्येक हप्ता सरासरी साडेदहा वर्षं अडकतो, म्हणजे हमीचा परतावा वर्षाला जेमतेम 4 टक्के.

आणि हे करताना शेवटी जाता जाता लिहिताय की क्रेडिट कार्डावर दोन पगारांची थकबाकी आहे, ‘पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो’. महिन्याला 3 टक्के लागतंय, म्हणजे वर्षाला जवळजवळ पाऊण पगार नुसतं व्याज. 4 टक्क्यांसाठी 36 टक्के भरताय, याला बचत म्हणायचं का?

पुढच्या महिन्याच्या प्रीमियमला दोन पगार बाजूला काढलेत ना, ते कार्डावर भरा आणि कार्ड शून्य करा. त्याआधी कंपनीकडून (एजंटकडून नाही) तीन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली (मुदतीआधी मोडली) तर किती, पेड-अप केली (हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर किती आणि कधी, पॉलिसीवर कर्ज किती आणि कुठल्या दराने. सरेंडरची घाई नको, सात वर्षं भरल्यावर कधीकधी इथून पुढच्या हप्त्यांचा परतावा मागच्यापेक्षा बरा निघतो, आकडे आले की बघू. पण हप्ते थांबवायच्या आधी साधी टर्म पॉलिसी (बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) हातात येऊ द्या, पेड-अप झाली की कव्हर कमी होतं. तसंही आत्ताचं कव्हर 20 पगारांचं, घर दोन वर्षंही चालणार नाही त्यात.

मग पाइपसाठी पत्रात लिहिलेलं ते 14 टक्क्यांचं पर्सनल लोन घ्या, पॉलिसीवरचं स्वस्त मिळालं तर ते. तीन पगार दोन वर्षांत फेडले तर व्याज अर्ध्या पगाराच्या आत, म्हणजे एका वर्षाच्या पॅचइतकं. हप्ता पगाराचा सातवा हिस्सा पडेल, प्रीमियम महिन्यावर वाटला तर सहावा पडत होता. खिशाला फरक काहीच नाही.

एक राहिलं. काम देण्याआधी घरातले सगळे नळ बंद करून, टाकीही भरत नसताना मीटर बघा, काटा फिरत असेल तर मीटरच्या पुढे गळती आहेच. मग घरात पाणी येतं तिथला मेन वॉल्व्ह बंद करून पुन्हा बघा. काटा तरीही फिरतोय तर जमिनीखालचाच पाइप, थांबला तर गळती घरात आहे आणि तीन पगार चुकीच्या जागी पुराल. एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप) घेताय तर मधे जोड नसलेलं सलग कॉइल मागा आणि खोदाईनंतर फरशी पूर्ववत करायचा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते लिहून घ्या, अनेकदा तो नसतो.